दुपट्यातलं मूल

क्वीन्सटाउन, सिंगापूर
२१ ऑगस्ट २००६

प्रिय ऋता,

तुझी चित्राची गुंडाळी नीट पोचली. बाळ जाऊन चार महिने होत नाहीत आणि तू तिथल्या खेड्यातल्या चर्चमध्ये गार फरशीवर गुडघे टेकून कागद घासत बसलीस. नवरा म्हणून रुचिरला तरी समजायला हवं होतं. असो. काम मात्र स्वच्छ झालंय.

फरशीत बसवलेल्या पितळी पत्र्यावर कागद ठेवून काळं मेण घासलं की पाचशे वर्षांपूर्वीची माणसं अशी उमटतात, हे मला ठाऊक नव्हतं. चिलखतातला जमीनदार, हात जोडलेली बायको, तिच्या पायाशी घुंगरांचा पट्टा घातलेलं कुत्रं. खाली उंचीप्रमाणे उभी मुलं, आणि रांगेच्या टोकाला दुपट्यात घट्ट बांधलेलं ते बोटाएवढं. जन्मून लगेच गेलं तरी रांगेत आहे, असं तू चिठ्ठीत लिहिलंस. खाली एकच प्रश्न: मुलं किती असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?

आमच्या ब्लॉकखालच्या फ्रेमवाल्या मिस्टर टॅनना चित्र लांब वाटलं. शेवटी इथलं ते नेहमीचं ‘लाह’ जोडून म्हणाले, आंटी, खालची छोटी छोटी कापली तर स्टँडर्ड साइझ बसेल लाह. मी म्हटलं, एक इंचही कापायचं नाही. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण त्यांनी पट्टी खाली ठेवली. घरी टांगलं तर ती रांग सोफ्याच्या पाठीमागे जायला लागली. तुझ्या बाबांनी चष्मा लावून ते दुपटं पाहिलं, आणि काही न बोलता सोफा ओढून खिडकीशी नेला. आता टीव्ही तिरका दिसतो. तक्रार नाही.

बाबा का बोलले नाहीत, ते तुला कळायला हवं. तुझ्याआधी, आम्ही पुण्यात असताना, मला मुलगा झाला होता. बारशाच्या आधीच गेला, म्हणून त्याला नाव नाही. दुपटं माझ्या आईनं शिवलेलं होतं, पिवळ्या काठाचं. सगळे म्हणाले, विषय काढू नका, म्हणजे विसराल. आम्ही विषय काढला नाही. विसरलो मात्र नाही.

काल बुकित पंजांगहून शुभा आली. चित्र पाहून म्हणाली, केवढी ही रांग, नीताताई, तुम्ही बरं एकीवर भागवलंत. तिला चहा देऊन मी माझा कप गाळत होते. म्हटलं, एक नाही, दोन. ऋताच्या आधी मुलगा होता. शुभाच्या हातातलं बिस्किट चहात विरघळलं. तिच्या पोटात काही राहत नाही, तुला ठाऊक आहे. पत्र पोचेपर्यंत ऋताला फोन करायचा नाही, असं बजावून ठेवलंय. पण ती किती दिवस तग धरेल सांगता येत नाही. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून आजच पोस्टात टाकते आहे. तू लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मला मुलं विचारली, तर मी यापुढे दोन सांगणार. आणि नातवंडं विचारली, तर एक.

तुझीच, आणि त्याचीही,
आई