दोनशे बैठकांचा हट्ट

भातकुली, ता. २ जून १९३८

चि. देवीदास यास दादाचे अ. उ. आ.

तुझी वहिनी तिखटमीठ लावून कळवील, म्हणून आधी मीच लिहितो. महिन्यापूर्वी छातीत कळ आली तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि नंतर हलका व्यायाम. आखाड्यात वाढलेल्या माणसाला हलका व्यायाम कसा कळावा? वस्तादांची शिस्त अशी की आकडा कालच्यापेक्षा खाली येता कामा नये. माझा शेवटचा आकडा दोनशे बैठकांचा, तोही वीस वर्षांपूर्वीचा. काल तिथूनच सुरू केले आणि साठाव्या बैठकीला तोंडावर पडलो.

आता पोळ्याला बैलजोडी तोरणाखाली मी नेणार की कासरा गड्याच्या हाती देणार, हीच चिंता आहे. आजवर तो मी कुणाला दिलेला नाही. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझा दादा,
शेषराव

अकोला, ता. ६ जून १९३८

तीर्थरूप दादांचे चरणी देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रागही आला आणि रडूही. आपण चक्क स्वतःच्या हृदयाशी कुस्ती धरलीत.

इथल्या डॉक्टरांना विचारून आलो. बैठका आणि श्वास कोंडणे बंद. आधी अमरावतीला पुन्हा छाती दाखवा. तिथले हो म्हणाले तरच चालायचे, पहिला आठवडा विहिरीपर्यंत, पुढे थोडे थोडे वाढवत. चालताना सलग बोलता आले पाहिजे. बोलणे तुटले की पाय आवरायचे. छाती दाटली तर तिथेच बसून डॉक्टरांकडे माणूस धाडायचा.

बोलायला सोबत हवी, तेव्हा वहिनींना बरोबर घ्या. मागे नव्हे, शेजारी. गाव हसले तर हसू द्या. मला माझा दादा हवा आहे. आपला आशीर्वाद आपल्याच हाताने डोक्यावर ठेवून घ्यायला मी पोळ्यानंतर येईन.

आपला,
देवीदास

भातकुली, ता. २७ ऑगस्ट १९३८

चि. देवीदास यास अ. उ. आ.

अमरावतीच्या डॉक्टरांनी हो म्हटले आणि आम्ही निघालो. सत्यभामा सवयीने चार पावले मागे. तिला शेजारी बोलावले, तर आखाड्यातला माझा जुना जोडीदार नत्थुजी याने पारावरून विचारलेच की वहिनीले घेऊन कुठं पळून चालले. मान खाली घालून विहीर गाठली. पण माझे बोलणे तुटले की ती पाऊलच उचलेना. म्हणे, तुमाले आकडाच लागते त आता माह्यासंगं बोललेले शब्द मोजा. जुलैअखेर मारुतीचे देऊळ आले, मग गावाची शीव. डॉक्टरांनी पोळ्याची परवानगी दिली.

परवा कासरा माझ्याच हाती होता. निम्म्या वाटेत वाजंत्रीच्या तालावर पाय भरभर पडू लागले आणि सत्यभामेला हाक मारायला गेलो तर शब्द पुरा निघेना. पूर्वीचा शेषराव तसाच रेटून गेला असता. मी थांबलो. मागची सगळी रांग खोळंबली, कुणी हसले, कुणी ओरडले. मी बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिलो. श्वास जागेवर आला तेव्हा दोन्ही बैलांना नावाने हाका मारल्या आणि सावकाश तोरण पार केले.

कुस्ती जिंकली की लोक मला खांद्यावरून घरी आणत. परवा मी माझ्या पायांनी आलो, भर बाजारातून, बायकोच्या शेजारून, सबंध वाट गप्पा मारत. देवीदास, एवढी मोठी कुस्ती मी जन्मात मारली नव्हती.

आता लवकर ये, आणि आहे ती माया अशीच वाढती ठेव.

तुझा दादा,
शेषराव