फीवरफ्यू आणि प्रेमलताचं डोकं

६ जुलै, सकाळ
प्रेमलताची अर्धशिशी मी बरी करणार. ठरलं.

रिटायर झाल्यापासून घरात मला काही कामच नाही. बुटीबोरीच्या कापड मिलमध्ये क्वालिटी कंट्रोलला आयुष्य गेलं. कापडाच्या अख्ख्या ताग्यात एक तुटका धागा असला तरी ही नजर पकडायची. या नजरेला आता घरात कोणी विचारत नाही.

काल बायको शाळेतून आली. पर्स टाकली, डोक्याला स्कार्फ करकचून बांधला, खिडक्या लावून पडली. मी दाराबाहेर. पाणी देऊ का विचारलं, तर म्हणाली, आवाज नका करू. मग न बोलता पाणी ओतलं, तर म्हणाली, ओतू बी नका. तिथंच ग्लास धरून उभा राहिलो. इतका निरुपयोगी मी मिल बंद असतानाही नव्हतो.

रात्री पायलचा पुण्याहून फोन. पोरीनं कुठंतरी वाचलं की फीवरफ्यू म्हणून एक औषधी झाड आहे, तिकडे परदेशात अर्धशिशीवर वापरतात. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकतं, पांढरी नाजूक फुलं येतात. मी म्हटलं, बियाणं पाठव. ती म्हणाली, बाबा, मी सहज सांगितलं, आधी आईला चांगल्या डॉक्टरला दाखवा.

डॉक्टर नंतर. आधी बियाणं.

१३ जुलै
पाकीट आलं. बी म्हणजे धूळच. उघडून नीट निरीक्षण करताना शिंक आली. अर्धं बी गेलं. उरलेलं पुरेसं आहे.

पाकिटावर लिहिलंय, नर्सरीची निर्जंतुक माती वापरा. हे असले चोचले परदेशी लोकांना. आपल्या घराशेजारचा प्लॉट रिकामाच पडलाय, काळी कसदार माती. घमेलं घेऊन गेलो.

शेजारचे मधुकरराव कंपाउंडवरून बघून राहिले होते. यांची उमरेडकडे शेती, भाऊ करतो, पण सल्ले हे इथं नागपुरात, बेस्याच्या घरी बसून देतात. म्हणाले, गजभिये साहेब, त्या प्लॉटची माती काहून नेता? त्यात सारा कचरा उगवते. मी म्हटलं, शेती वेगळी, औषधी वनस्पती वेगळी. ते म्हणाले, बरं गा भाऊ.

'बरं गा भाऊ' मधला टोमणा मला कळला.

२२ जुलै
उगवलं! बी पेरून दहा दिवससुद्धा झाले नाहीत. पाकिटावर दोन-तीन आठवडे लिहिलेत. हाताचा गुण.

प्रेमलताला गच्चीवर नेलं. ती वाकली, बराच वेळ कुंडीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. मूळ, पान, फूल, गुणधर्म. म्हणाली, छान आहे. इतकंच. आनंद झाला की ती कमी बोलते.

३० जुलै
आज पहिलं इन्स्पेक्शन. कुंड्यांत दोन प्रकारची रोपं आहेत. एक जोमदार, पानं गाजरासारखी कातरलेली. दुसरी बारीक, फिकट, जमिनीला चिकटलेली, अगदी दयनीय. मिलमध्ये असा माल पुढे जाऊच दिला नसता. सगळी फिकट रोपं चिमट्यानं उपटली. एकही सोडलं नाही.

कुंड्या आता एकदम फर्स्ट क्वालिटी.

९ ऑगस्ट
झाडं गुडघ्याला लागली. पायलला सांगितलं, तर म्हणते, इतक्या लवकर? मी म्हटलं, बाळा, नागपूरची हवा आहे. तिनं फोटो मागितला. पाठवला. फोटोत मी चांगला आलोय. झाड मागं धूसर आहे.

मधुकरराव जिना चढून आले. कोणी बोलावलं नव्हतं. बघून म्हणाले, साहेब, हे तं गाजर गवत आहे. आमच्या वावराच्या धुऱ्यावर ढिगानं उपटून फेकतो. अंगाला खाज सुटते त्यानं.

मी शांत राहिलो. नंतर सविस्तर बोललो. वनस्पतींची कुळं, साधर्म्य, तज्ज्ञ आणि सामान्य माणूस यांच्या नजरेतला फरक. ते चहा न घेता गेले. माणूस मुळात वाईट नाही. दुसऱ्याच्या गच्चीवर काही चांगलं झालेलं बघवत नाही, एवढंच.

हाताला थोडी खाज आहे. मच्छर वाढलेत. सोसायटीच्या ग्रुपवर फवारणीची तक्रार टाकली. कोणी उत्तर दिलं नाही. या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगला उत्तरं येतात.

१८ ऑगस्ट
वर्षावासाचा कार्यक्रम होता. विहाराला सगळ्यात आधी फुलू लागलेली कुंडी भेट दिली. मंचाजवळ ठेवून दोन शब्द बोललो. दहाएक मिनिटं झाली असतील. पुढच्या रांगेतल्या कुसुमताईंना शिंका सुरू झाल्या, मग त्यांच्या शेजारणीला. श्रोत्यांना पावसाळ्यात सर्दी असतेच, पण वक्त्याचा विचार करावा.

संध्याकाळी तिकडून गेलो तर कुंडी गेटच्या बाहेर. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावी म्हणून ठेवली असणार. एक बकरी कुंडीपर्यंत आली, हुंगली आणि परत गेली. एवढी शिस्त मी माणसांत बघितली नाही.

२४ ऑगस्ट
सगळ्याच कुंड्यांना फुलं! पांढरी, बारीक, पाकिटावरच्या चित्रापेक्षा खूपच बारीक. चित्रकार वाढवून काढतात.

प्रेमलताची डोकेदुखी मात्र वाढलीय. या आठवड्यात शाळेतून दोनदा अर्ध्यातून आली. डोळे लाल, नाक बंद, डोकं फुटून राहिलं म्हणते. म्हणजे औषध तिच्यापासून लांब आहे. गच्चीवर फुलं आणि खाली रोगी, कसं चालेल? सगळ्या कुंड्या खाली आणून बेडरूमच्या खिडकीत मांडल्या. कंबर गेली. सुवास रात्रभर मिळेल.

ती म्हणाली, अहो, खिडकी लावू का? मी म्हटलं, अजिबात नको.

३१ ऑगस्ट
प्रेमलता सुट्टी टाकून मौद्याला बहिणीकडे गेली, शोभाताईकडे. थोडा आराम करते म्हणाली. इथं औषध फुलावर आलंय आणि ही मौद्याला! चिडचिड झाली. बोललो नाही. म्हणजे बोललो, पण तिचा ऑटो निघून गेला होता.

३ सप्टेंबर
शोभाताईचा फोन. भाऊजी, हिचं डोकं आल्यापासून एकदा बी दुखलं नाही, शिंक बी नाही.

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मौद्यात काय आहे? वीज केंद्र. वीज केंद्रात काय आहे? राख. राखेत काहीतरी औषधी गुण असावा. यावर कोणी अभ्यास केलेला नाही. पायलला मेसेज केला की मौद्याला छोटी जागा बघायचा विचार आहे, आई तिथं बरी राहते. तिचं उत्तर: बाबा, आईच्या खिडकीत काय ठेवलंय?

प्रश्नाचा रोख समजला नाही. फुलं, असं कळवलं.

८ सप्टेंबर
प्रेमलता आली. रात्र व्हायच्या आत डोक्याला स्कार्फ. उशीत तोंड खुपसून रडली. मी इतक्या वर्षांत तिला दुखण्यानं रडताना बघितलेलं नाही.

मी बाहेरच्या खोलीत बसलो. आता नुसत्या वासानं भागायचं नाही. पान पोटात गेलं पाहिजे. परदेशात पानं चावून खातात. पण कोणताही माल पुढं पाठवायच्या आधी सॅम्पल टेस्ट करायची, हा नियम. उद्या सकाळी आधी मी खाणार. मग तिला.

९ सप्टेंबर, सकाळी
तीन पानं. भयंकर कडू. औषध कडूच असतं.

९ सप्टेंबर, दुपारी
ओठ जाड झालेत. जिभेवर फोड. उजवा डोळा उघडत नाही. औषध काम करून राहिलं असावं.

९ सप्टेंबर, संध्याकाळी
प्रेमलतानं मला बघून किंकाळी मारली. डोकं धरून तशीच मधुकररावांकडे धावली. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून दवाखान्यात गेलो, प्रेमलता मागून ऑटोनं. वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत. ते सगळ्यात जास्त लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी खिशातलं पान काढून दिलं. त्यांनी ते चिमट्यानं धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. गाजर गवत, म्हणाले. तुम्ही हे घरात ठेवलं? कुठं? प्रेमलतानं सांगितलं, खिडकीत. डॉक्टर तिच्याकडे बघून राहिले, मग माझ्याकडे. तिच्या दुखण्याची सगळी चौकशी केली. अर्धशिशी जुनी आहेच, पण या परागांनी पेटली, म्हणाले. तिला नीट गोळ्या लिहून दिल्या. इंजेक्शन मला. बोलायचं नाही, तोंडाला आराम, असंही सांगितलं.

मला बरंच काही सांगायचं होतं. तोंडातून फक्त 'फ' निघाला.

१० सप्टेंबर
पायलचा व्हिडिओ कॉल. तिनं पाकिटाच्या आतली पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. त्यावर रोपाचं चित्र आहे. बारीक, फिकट, जमिनीला चिकटलेलं.

बाबा, असं काही उगवलं होतं का?

मी मान हलवली.

मग कुठं गेलं?

मी चिमट्याची खूण केली. पोरगी इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. मला हसू आलं नाही. या घरात एकच खरं औषध उगवलं होतं, आणि तेच मी रिजेक्ट केलं.

११ सप्टेंबर
सगळं उपटलं. हातमोजे, तोंडाला फडकं. मधुकरराव आपणहून आले, पोत्यात भरू लागले. मी हात जोडले. म्हणाले, राहू द्या साहेब, आमच्या भावानं बी एकदा मुळ्याचं बी समजून मोहरी लावली होती. हे खोटं असावं. पण बरं वाटलं.

विहारासमोरची कुंडीही आणली. बकरी तिथंच होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे नाही.

१४ सप्टेंबर
प्रेमलता शाळेतून आली. पर्स टाकली. स्कार्फ हातातच. म्हणाली, आज नाही दुखलं.

गोळ्यांनी, खिडकी रिकामी झाल्यानं, की आणखी कशानं? विचारता येईना. तिनं शाळेतून आणून दिलेल्या पाटीवर लिहिलं, तुला ते गवत आहे हे कधी कळलं?

म्हणाली, पहिल्याच दिवशी. आमच्या शाळेच्या मैदानात काय कमी आहे? पण त्यानं डोकं उठते हे कुठं मले माहीत होतं. आन तुमी इतके खुश दिसले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा.

माझा चालू असलेला डोळा भरून आला. तरीही लिहिलं, मग सांगितलं का नाही?

ती हसली. तुमी बोलू देता कुठं?

यावर माझ्याकडे मुद्देसूद उत्तर होतं. किमान चार मुद्दे. पाटी लहान पडली.

मग ती शेजारी बसून शाळेतलं सांगू लागली. नवीन हेडमास्तरीण, सातवीतली एक हुशार पोरगी जिचं लग्न ठरवायला निघालेत, हिनं त्या घरी जाऊन बापाला कसं रोखलं ते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अंधार पडेपर्यंत बोलत होती. मध्येच थांबून म्हणाली, ऐकून राहिले ना? मी मान हलवली.

डॉक्टर म्हणतात, ओठाची सूज उतरायला आणखी आठवडा लागेल.

लागू दे.