बाबांच्या खोलीचं तापमान

१८ मे, रविवार
बाबा सांगलीहून दिल्लीला आमच्याकडे आले. आई गेल्यापासून एकटेच असतात. महिनाभर राहून बघतो म्हणाले, जमलं तर कायमचं. जमणारच! मी जमवणार. पश्चिमेकडची खोली दिली. वीणा म्हणाली, तिथं एसी लाव, टॉप फ्लोअर आहे, भट्टी होते. म्हटलं, आधी मोजू. न मोजता खरेदी म्हणजे अडाणीपणा. घरात इंजिनियर नवरा असून उपयोग काय मग?

२४ मे
लाजपतराय मार्केटमधून थर्मिस्टर आणला. मिरीएवढा मणी, दोन तारा. गरम झाला की त्यातून वीज जास्त वाहते, कोड टाकलेला छोटा बोर्ड त्यावरून डिग्री काढतो. शेजारी एक रेझिस्टर लावायचा, बस. सोप्पं आहे यार. व्हिडिओ अर्धाच पाहिला. पुढचं लक्षात आलं.

२५ मे, दुपारी
चालू झालं! बाबांच्या खोलीत १३ डिग्री. जरा कमी वाटतं. कोडमध्ये १२ मिळवले. आता २५. याला कॅलिब्रेशन म्हणतात. बाबांना स्क्रीन दाखवली. घाम पुसत म्हणाले, अच्छा, पंचवीस? मग असेल बुवा.

२९ मे
सकाळी ३२, भर दुपारी २५. म्हणजे खोली दुपारी थंड होते! बिल्डरला उगाच शिव्या घातल्या. वीणानं मणी मुठीत धरला. आकडा खाली गेला. म्हणते, तू काहीतरी उलटं जोडलंयस. म्हटलं, तुझे हात थंड आहेत. मणी टेबलावर ठेवून ऑफिसला निघून गेली.

३ जून
बाबा ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतात. गावाकडची सवय. म्हणाले, हल्ली उगाचच उकडतं रे, बीपीच्या गोळीचं असेल का? म्हटलं, बिल्कुल असेल. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायची. सोमवारी नक्की.

७ जून
बाबा रोज जेवून कुठे जातात ते कळलं. वीणाच्या ऑफिसातल्या रसिकानं त्यांना मेट्रोच्या ब्लू लाइनमध्ये पाहिलं, डुलक्या काढताना. शेवटी द्वारका स्टेशनला उतरून समोरच्या परतीच्या गाडीत बसले आणि परत झोपले म्हणे. बाबांना दिल्ली आवडली तर! वीणा म्हणाली, दिल्ली नाही, मेट्रोचा एसी आवडलाय. हिला जिथे तिथे एसीच दिसतो.

१० जून
अपॉइंटमेंट राहिली. ऑफिसात स्प्रिंट संपत होता, दोन आठवड्यांचं काम वेळेत द्यायचं होतं.

१२ जून
बाबांना सोसायटीच्या गेटपाशी चक्कर आली. गार्डनं खुर्ची दिली, पाणी दिलं. डॉक्टर म्हणाले, उष्णतेचा त्रास. बाहेरच्या उष्णतेचा असणार. त्यांना मोबाइलवर सगळी रीडिंग्ज दाखवायला गेलो. त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

१५ जून, रविवार
बाबांना निजामुद्दीनला गाडीत बसवून आलो. पुण्याला, माझ्या बहिणीकडे, तनयाकडे. कायमचं. खिडकीशी बसल्यावर माझा हात धरून म्हणाले, तू वाईट वाटून घेऊ नकोस. खोली चांगलीच आहे. माझंच शरीर बिघडलंय. मशीन कशाला खोटं बोलेल?

१६ जून
उरलेला अर्धा व्हिडिओ पाहिला. मणी आणि रेझिस्टर यांच्या जागा बदलल्या. मिळवलेले १२ काढून टाकले. ४१. चहा पिऊन आलो, परत पाहिलं. ४१.

बाबांना फोन लावला. सांगणारच होतो. त्यांनीच आधी विचारलं, आज किती दाखवतंय रे? म्हटलं, नॉर्मल आहे, बाबा. म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं? मग तनयानं त्यांना जेवायला हाक मारली.