कोंबड्यांनी सोडलेली जागा

सोमवार, ३

पोचलो. क्वार्टर पाहून मन प्रसन्न झाले. दोन खोल्या, स्वतंत्र न्हाणीघर, पुढे अंगण आणि मुख्य म्हणजे मेहुणा नाही. शाळेतला संस्कृत विषय बंद झाल्यापासून अकरा वर्षे आम्ही नवराबायको हिच्या भावाच्या माडीवर राहिलो. त्याने टोमणा मारला नाही असा एक दिवस मला आठवत नाही. पंधरा तारखेला ही सामान घेऊन येते आहे. पडद्यांचा रंगसुद्धा ठरला आहे.

नोकरी मात्र हसू यावे अशी. कोंबड्या भ्याल्या म्हणजे कशा हलतात, हे टिपायचे. एवढ्यासाठी एक अख्खे संशोधन केंद्र उभे आहे. त्यात एक डॉक्टरीणबाई, अजून अंड्यावर न आलेल्या चारशे तलंगा, शेड झाडणारे मामा, आणि आता मी. अक्षर चांगले आणि बूड जड, म्हणून तुम्हाला घेतले, असे बाईंनी तोंडावर सांगितले. आधीचे निरीक्षक क्वार्टरच्या दारातच भेटले. माझा हात हातात घेऊन बराच वेळ दाबला, टिपणवही दिली आणि बॅग उचलून जवळजवळ उड्या मारत गेले. नोकरी सुटल्यावर इतका आनंदलेला माणूस मी पाहिला नव्हता.

मंगळवार, ४

शेडच्या छताला कॅमेरा आहे. शेजारच्या खोलीत चित्रणाचा पडदा, त्यावर शेडच्या जमिनीचे फूट-फूट मापाचे चौकोन आखलेले. दिवसातून तीनदा मी शेडच्या मध्यावर जाऊन पाच मिनिटे खांबासारखा उभा राहतो. मग खोलीत येऊन चित्रण पाहतो आणि कोण किती चौकोन पळाली ते लिहितो.

कुक्कुटजातीविषयी माझे मत पूर्वीही फारसे बरे नव्हते. पत्रा वाजला, पळ. ढग आला, पळ. मी शिंकलो तेव्हा चारशेच्या चारशे जणी एका कोपऱ्यात एकमेकींच्या डोक्यावर चढल्या. कुठे पळायचे याचा विचार नाही, आणि पळाल्यावर कशाला पळालो याची आठवण नाही. हा स्वभाव मोजायला चौकोन कशाला? माझ्या मेहुण्याला आणून उभे केले तरी भागेल.

मी उभा राहिलो की शेडमध्ये एक रिकामे वर्तुळ पडते. बाई म्हणतात, त्याचा आकार हेच भीतीचे माप.

गुरुवार, ६

एक मौज. वर्तुळाचा मध्य मी नाही. वरून पाहिले की स्पष्ट दिसते: पांढऱ्या पिसांच्या गर्दीत भुशाचा गोल डाग, आणि मी त्याच्या अगदी कडेला. मध्य माझ्या पाठीमागे सहा चौकोनांवर. तोंड फिरवून उभा राहिलो, तर डागही फिरला. पुन्हा पाठीमागेच.

माझ्यासमोरच्या कोंबड्या बुटाची नाडी टोचत असतात. मला कोणी भीत नाही. भितात त्या मागच्या मोकळ्या भुशाला. या प्राण्यांना भूमिती येत नाही, असा शेरा मी वहीत मारला. बाई म्हणाल्या, उजेडाचा परिणाम असेल. आणि कृपा करून शेरे मारू नका, आकडे लिहा.

शनिवार, ८

आकडा : पाच. दिवे बदलले, भुसा बदलला, माझा सदरा बदलला. पाचच.

सोमवार, १०

चार. मामांना चहाला बसवून विचारले. मामा अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले, अहो मास्तर, तुमच्या आधीच्या साहेबांचं एकावर आलं होतं. तेवढ्यात तुम्ही क्वार्टरात राहायला आलात आणि सुटला बिचारा. नवं माणूस राहायला आलं की ते जुन्याला सोडून नव्याच्या मागं लागतं.

आणि नवे कोणी आलेच नाही तर, असे मी गमतीने विचारले. मामा म्हणाले, त्यांच्याही आधी एक साहेब होते, एकटे. खोलीत उताणे सापडले. हात छातीशी, डोळे टक्क उघडे, श्वास चालू. कोंबडी उताणी दाबून धरली की गारठते ना, सोडली तरी उठत नाही, तसे. उठवून बसवलं की परत उताणे. घरच्यांनी नेलं. अजून तसेच आहेत म्हणतात.

ते म्हणजे काय, हे विचारले तर मामा म्हणाले, मला कसं दिसेल मास्तर, मी काय कोंबडी आहे?

मामांच्या विद्वत्तेविषयी काय लिहावे. चहा मात्र अर्धा राहिला.

बुधवार, १२

तीन. हिला येऊ नको म्हणावे का? पण कारण काय सांगणार? कोंबड्या वाकड्या पळतात? फोन केला. मेहुण्यानेच उचलला. म्हणाला, काय भावोजी, अंड्यावर बसलात का अजून नाही? मागे घरातले सगळे हसले. मी म्हणालो, तिला सांगा, पडद्याच्या कड्या विसरू नको.

फोन ठेवला. चारशे मूर्खांच्या सांगण्यावरून मी पाचव्या शतमूर्खाकडून हसू करून घेणार नाही.

शुक्रवार, १४

काल दोन. आज एक. म्हणजे फूटभर.

मानेवर गारवा आहे. वळून पाहत नाही — शेडमध्ये सगळ्या माना वर करून पाहत होत्या. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून. त्यांना हसायला गेलो, पण हसू —

फोन अजूनही करता येईल. उचलला. ठेवला. या वेळी मेहुण्यासाठी नाही. ती आली नाही तर मी — हे लिहायचे नव्हते. लिहून झाले.

शनिवार, १५

ती आली. बॅग ठेवून माझा हात धरला. म्हणाली, अहो, किती वाळलात! त्या क्षणी मान उबदार झाली.

दुपारी शेडमध्ये गेलो. वर्तुळाचा मध्य मी. मी आणि फक्त मी. कोंबड्या मला भितात! एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

सुटलो.

पडदे लावताना ती म्हणाली, इथे मागून वारा येतो का हो? खिडकी बंद होती. मी म्हणालो, येतो कधी कधी.

रविवार, १६

सकाळ. खिडकीत बसून लिहितो आहे. ती अंगणात कपडे वाळत घालते आहे. मामांनी पाचपन्नास तलंगा बाहेर सोडल्या आहेत. तिच्या पायाशी गर्दी. मागे —

मोजायचे नव्हते. मोजले. मला सहापासून सुरुवात मिळाली होती. तिला दोन.

हाक मारून म्हणालो, आवर, आत्ताच्या आत्ता भावाकडे जा. ती म्हणाली, अकरा वर्षांनी घर मिळालं आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय? मग सांगितले. खिडकीतूनच, सगळे. ते मला माहीत होते, हेसुद्धा.

ती हसली नाही. मागे वळू नको म्हणालो, वळू नको —

वळली.

कोंबड्या एकदम कुंपणाला जाऊन भिडल्या. चिमटे सांडले. ती उभी आहे. ओला सदरा हातात तसाच. हाक मारतो. हलत नाही. पुन्हा मारतो. नाही —

दार पाच पावलांवर. मी जाऊन तिला धरायला हवे. उठायला हवे. हात चालतो आहे, लिहितो आहे ना, म्हणजे हात चालतो. पाय —