सत्तरच्या काट्याला

२ नोव्हें.
अश्विनी सकाळी गॅरेजमध्ये आली. चौक गावाच्या रस्त्याला पासष्ट-सत्तरच्या पुढे मोटरसायकलचं हँडल लटपटतं म्हणाली. नवे टायर मीच बसवलेत, पंधरा दिवस झाले. जाड बटनांचे, मातीला धरणारे. वाड्यांवर जायचं म्हणून तिनेच मागितले होते.
लगेच चावी घेतली, पळसदरीपर्यंत जाऊन आलो. ऐंशी मारली. गाडी सरळ. बटन टायर डांबरावर गुरगुरतात, तेवढंच.
तिला म्हटलं, तुझा हात घट्ट असतो, हँडल आवळून धरतेस. तिने लसीची पेटी कॅरिअरला लावली नि गेली.
एकोणतीस वर्षांची पोरगी, गुरांची डॉक्टर. तरी हे बोललोच.

५ नोव्हें.
पुढचं चाक उतरवून बॅलन्स केलं. हवा बावीस होती, अठ्ठावीस केली. गाडी स्टँडला लावून हँडल हलवून बघितलं, हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तो कोनसेट ठीक वाटला. उघडला नाही.
अश्वि. दुपारी फोनवर: तसंच आहे.
मी परत चौकच्या फाट्यापर्यंत. काहीच नाही. आता मलाच राग यायला लागलाय. गाडीचा की तिचा, कळत नाही.

६ नोव्हें.
पुण्याकडची दोन पोरं थांबली, तसेच टायर, तशाच उंच गाड्या. म्हणाली, काका, हे टायर थोडे हलतातच, सवय होते. अश्विला हे सांगायचं मनात होतं. जेवताना सांगणार होतो. तिने मान वर केली नाही, मग राहिलं.

९ नोव्हें.
मंगल म्हणाली, आपली पोरगी तीन दिवस गाडी दवाखान्यात ठेवून दुसऱ्यांच्या जीपने फिरतेय. ठाऊक नव्हतं.
"तिला भीती बसलीय. तुम्हाला सांगणार नाही ती."
मला का नाही सांगणार? माझं गॅरेज आहे. तिची पहिली सायकल मीच...
मंगलने ताट उचललं नि आत गेली.

११ नोव्हें.
पडली.
साडेदहाला अनोळखी नंबर. हिरू, चौकच्या वरच्या वाडीचा. त्याच्या म्हशी ती तपासते. "डॉक्टरबाय पडल्या, पन बऱ्या हायत. घाबरू नका. गाडी आमच्या अंगनात हाय."
गेलो. गुडघा सोलला, उजवं मनगट सुजलेलं. हिरूच्या बायकोने हळद लावली होती. अश्वि. ओट्यावर बसून त्याच्या रेड्याच्या तोंडातले फोड बघत होती, डाव्या हाताने. लाळखुरकत. मला बघून म्हणाली, लसी गरम व्हायला नकोत, आधी पेटी बघा.
हिरूने पडताना बघितलं होतं. खालच्या वळणावर तो गवत कापत होता. मी विचारलं, खड्डा होता का? म्हणाला, "खड्डा नाय. आधी मागची पेटी हालायला लागली. मंग गाडीचं तोंड. मंग दोनी एकदम."
अश्विला जीपने कर्जतला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत, पंधरा दिवस गाडी नको.
गाडी मी आणली. पेटी भरलेली, जशी होती तशी. फाट्यानंतर उतार. बासष्टवर हँडल जरासं डाव्या-उजव्या बाजूला. गॅस सोडला तर वाढलं. एवढं वाढलं की आरसे दिसेनात. पाय आपोआप टाकीला आवळले. चाळीसला आली तेव्हा थांबलं.
बाजूला घेऊन बसलो. किती वेळ ते सांगता येत नाही. एक टेंपोवाला विचारून गेला, काका, पेट्रोल संपलं का?

१२ नोव्हें.
आता लिहून टाकतो.
घरी आली की लसी फ्रीजमध्ये जातात, पेटी काढून ठेवते ती. मी प्रत्येक वेळी बिनपेटीची गाडी चालवली. आणि माझं वजन ऐंशी, तिचं पन्नास. माझ्याखाली गाडी बसते, तिच्याखाली तरंगते.
पेटी बसवायचं कॅरिअर मी केलेलं. तिच्या पाठीला पेटी लागू नये म्हणून मागे वीतभर जास्त काढलं. स्वतः वेल्डिंग, स्वतः काळा रंग. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. बर्फ, लसी, औषधं, सगळं वजन मागच्या चाकाच्याही मागे. पुढचं चाक हलकं. त्यात हे टायर.
मंगलला सांगितलं. ती म्हणाली, मला कशाला, तिला सांगा.

१३ नोव्हें.
सांगितलं. अंगणात, ती मनगट गरम पाण्यात धरून बसली होती. सरळ म्हटलं, चूक माझी होती, कॅरिअरची, नि तुझं ऐकलं नाही त्याची.
तिने मनगट पाण्यातून काढून पुसलं. मग:
"मी सांगितलं की तुम्ही गाडी चालवून बघायचात. मी कशी चालवते, काय घेऊन चालवते, हे एकदाही विचारलं नाहीत."
मी म्हटलं, हो.
"पडायच्या आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. हात सैल केला, तुम्ही म्हणालात म्हणून."
मग पाणी ओतून ती आत गेली.
दुकान उघडलं नाही आज.

१५ नोव्हें.
कॅरिअर कापलं. ग्राइंडर चालवताना मन कुठेतरी हलकं झालं, नंतर नाही. नवीन केलं, आखूड, सीटला चिकटून. जड सामान खाली, दोन बाजूंना ताडपत्रीच्या पिशव्यांत. वर फक्त लसी.
कोनसेट उघडला. वाटीत बेअरिंगच्या गोळ्यांचे खड्डे पडलेले, बोटाला लागतात. हँडल मधोमध आलं की अडकायचं. पाच तारखेला उघडला असता तर दिसलं असतं. हलवून बघितलं नि ठीक म्हटलं. पस्तीस वर्षं हेच काम करतो, नि गिऱ्हाइकाच्या गाडीला असं कधी केलं नसतं. घरच्या गाडीला केलं.
नवीन कोनसेट टाकला.

१८ नोव्हें.
पेटीत पाण्याच्या बाटल्या भरल्या, वजन मोजून, लसीएवढं. पिशव्याही भरल्या. चौक रस्ता, चार फेऱ्या. साठला काही नाही. पासष्टला नाही. सत्तरला हातात बारीक थरथर, येते नि जाते. आधीचं ते नाही. पण आहे.
आणि हे माझ्या ऐंशी किलोखाली. तिच्याखाली किती, ते कसं कळणार?
पुढच्या चाकाला रस्त्याचा टायर टाकला तर थरथर जाईल बहुतेक. पण हिरूच्या वाडीची शेवटची चढण मातीची, सुटे दगड. तिथे रस्त्याचा टायर घसरतो नुसता, ती दरीच्या बाजूला जाईल. ती कुठे पडलेली बरी, हे ठरवत बसलोय मी.

२० नोव्हें.
अश्विला सगळं समोर ठेवून दाखवलं. जुना कोनसेटही. तिने वाटीवर बोट फिरवलं. दोन्ही टायरांचं सांगितलं. ती म्हणाली, बटनाचाच राहू दे, वाडीला मला तोच लागतो, रस्त्याला मी पंचावन्नने जाईन.
मी म्हटलं, उतारावर पंचावन्न राहत नाही. म्हणाली, माहीत आहे.
मंगलला वाटतं तिने स्कूटर घ्यावी. किंवा बदली मागावी. अश्वि. हसली फक्त. पडल्यानंतर पहिल्यांदा.

२६ नोव्हें.
डॉक्टरांनी हाताला मोकळीक दिली. अश्वि. आठला निघाली, लसी घेऊन. चेन, हवा, नट सगळं काल तपासलं होतं, आज परत तपासलं. ती उभी होती शांत. म्हणाली, झालं का बाबा?
नऊ. दहा. एका स्कूटरचं ब्रेक शू घेऊन बसलो, तेच तीनदा घातलं-काढलं. मंगल दोनदा चहा ठेवून गेली.
साडेबाराला फोन. पोचले, एकतीस जनावरं झाली, हिरूचा रेडा खायला लागलाय.
विचारलं, हँडल?
"सत्तरला हललं."
"सत्तर कशाला मारलीस? पंचावन्न म्हणालीस ना?"
"कुठून सुरू होतं ते मला माहीत हवं ना. तुमच्या वजनाचं माहीत होतं, माझं नव्हतं."
ओरडलो नाही. विचारलं, मग काय केलंस? म्हणाली, गॅस एकदम सोडला नाही, धरून हळूहळू उतरवला. अडुसष्टला सुरू होतं, साठला पूर्ण थांबतं. दोनदा करून बघितलं.
दोनदा.
मी म्हटलं, एकदा पेटीशिवाय बघितलं असतंस तर फरक कळला असता. तोंडातून गेलं. ती म्हणाली, पेटी हिरूकडे उतरवून ठेवते, येताना बघते. आणि फोन ठेवला.
आता दोन वाजलेत. ती अजून वरच आहे. मी भिंतीवर खडूने अडुसष्ट लिहिलंय, खाली बिनपेटीच्या आकड्याला जागा सोडलीय.