आधी बिघडणार, मग सुधारणार

६ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची! बाड झेल्मके हे उपचाराचं गाव इतकं नीटनेटकं आहे की स्टेशनबाहेर शिंकतानाही मला परवानगी मागावीशी वाटली. आणि शिंका मला सतराशे साठ येतात. इथल्या मालकीण बुसेबाईंच्या पाहुणेघरात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली आहे. पलंग मऊ आहे, हीटर बंद करता येतो (माझ्या ट्रामच्या केबिनमधला तो मेला ब्लोअर अकरा वर्षांत कुणाला बंद करता आला नाही) आणि खिडकीसमोरच ती भिंत आहे. तीन मजली उंच, रस्ताभर लांब, नुसत्या काटेरी फांद्यांच्या मोळ्या रचून केलेली. वरून खारं पाणी सोडतात, ते काट्यांवरून ठिबकत खाली येतं आणि हवा खारट होते. ती हवा नाकाने ओढत भिंतीला फेऱ्या घालायच्या, हा इथला उपचार.

माझं दुखणं सगळ्या कासेलला पाठ आहे. अकरा वर्षांचा सायनस, दोन ऑपरेशनं, कपाळात कायमची ठेवलेली वीट. त्यात डोळे कोरडे ठाक, पापणी मिटली की पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. कंपनीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, काल्मायरबाई, तीन आठवड्यांत डोळे सुधारले नाहीत तर ट्राम बंद, तुम्ही तिकीट खिडकीवर बसा. चौपन्नाव्या वर्षी काचेमागे बसून भांडणं करण्यापेक्षा मी भिंतीला तीनशे फेऱ्या घालीन.

वीबके निरोप देताना रडली. माझी मुलगी सव्वीस वर्षांची झाली, पण डोळ्यांतलं पाणी कायम काठावर. माझ्या वाटणीचंही तूच घेऊन बसलीस, असं मी तिला चिडवते. शेवटच्या रविवारी ती मला न्यायला येणार आहे. जेवायला काळा पाव, लिव्हर सॉसेज आणि आंबवलेली काकडी होती. मी तीन काकड्या खाल्ल्या.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही इथे प्रत्येक पाहुण्याला देतात, रोज लक्षणं लिहायची. मी लक्षणांसकट सगळंच लिहिणार, डॉक्टरांनी खुशाल वाचावं.

डॉ. हार्कसेन म्हणजे सुकवलेला बोंबील. नाकात दिवा घालून बघितलं आणि समाधानाने हुंकारले. तीन वेळा भिंतीच्या पाण्याने नाक धुवायचं, दोन वेळा त्याच पाण्यात डोळे बुडवायचे, सकाळ-दुपार फेऱ्या, आणि फेऱ्या घालताना गप्पा नाहीत. मग बोट वर करून त्यांनी बजावलं की तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी उसळी येणार. दुखणं आधी बिघडणार, मग सुधारणार. उसळी आली म्हणजे औषध लागू पडलं. अर्ध्यात सोडायचं नाही.

हे मला नवीन नाही. माझी आई खोकल्याचं औषध पाजताना हेच म्हणायची आणि वीबकेच्या गुडघ्याला आयोडीन लावताना मीही तिला हेच ऐकवलं. झोंबतंय ना, मग बरं होतंय, गप्प बस.

दुपारच्या फेरीत डावी नाकपुडी मोकळी झाली. अकरा वर्षांनी! मी तिथेच बाकावर बसून नुसता श्वास घेत राहिले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उसळी आली. कालपासून कपाळ ठणकतंय, डोळ्यांत वाळू. नाश्त्याला मी हे अभिमानाने जाहीर केलं, तर सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी टेबल वाजवून माझं अभिनंदन केलं.

टेबलावर दोघं ओळखीचे झाले. विटकोप हे बीलेफेल्डचे, खिडक्यांना काचा बसवायचे. तीन आठवड्यांसाठी आले आणि आता सहावा चालू आहे. त्यांच्या नाकात नि डोळ्यांत टिपूसभर पाणी उरलेलं नाही, याचा त्यांना फार गर्व. दुसऱ्या अल्मुट, ग्योटिंगेनच्या मास्तरीणबाई. त्यांचं उलटं, सायनस तोच पण डोळे सारखे गळतात, हातात कायम रुमाल. विटकोप त्या रुमालाकडे एकटक बघत असतात. बुसेबाई हसून म्हणाल्या, अहो, उपचाराला आलेल्या प्रत्येकाला एक सावली मिळतेच, तीन आठवड्यांचं प्रेम ते, घरी गेलं की संपलं. अल्मुट लाजल्या. विटकोप हसले नाहीत, त्यांनी नुसते ओठ चाटले.

१२ ऑक्टोबर, रविवार

नाक धुताना खण्णकन काहीतरी बशीत पडलं. मिठाचा खडा. चौकोनी, तांदळाच्या दाण्याएवढा, एका कडेला रक्त. डॉक्टरांना कोण आनंद! त्यांनी तो चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत टाकला. बरणी अर्धी भरलेली होती.

बुसेबाईंना कांदे चिरून दिले. दोन किलो कांदे, आणि डोळ्यांतून एक थेंब नाही.

वीबकेचा फोन आला. माझा आवाज मोकळा झाला म्हणून बया रडली. तिचे हुंदके ऐकताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भूक लागली असेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दहावा दिवस. सकाळी पापण्या उघडेनात, नखाने सोडवल्या. आरशात पाहिलं तर कडांना पांढरी खपली. ते जाऊ दे. आज जे झालं ते आधी लिहिते.

सकाळच्या फेरीत अल्मुट माझ्या पुढे होत्या. मागून विटकोप आले आणि त्यांनी अल्मुटची मान पकडून तोंड काट्यांत दाबलं. एकदा नाही, तीनदा. मग केसांना धरून चेहरा वळवला आणि त्यांचे डोळे चाटायला लागले. कुत्रा ताटली चाटतो तसे, आवाज करत. अल्मुटच्या गालात बोटभर काटा घुसलेला होता, तो त्यांनी बाजूलाही केला नाही. मी छत्री उलटी धरून हाणली. भुवई फुटली. रक्त आलं नाही, पांढरी भुकटी गळली. माळी धावत आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यांना ओढलं. ते विनवत होते, जरासंच ओलं, बाई, जरासंच.

मी म्हटलं पोलिसांना बोलवा. डॉ. हार्कसेन शांत. विटकोपांची उसळी उशिरा आली, इतकंच, म्हणाले. मी अल्मुटना म्हटलं की बाई, आजच्या आज घरी जा. चेहऱ्यावर अकरा टाके, तरी मला म्हणतात, अहो, पाचच दिवस राहिलेत, अर्धा उपचार म्हणजे उपचारच नव्हे. मला हे पटलं. लाज वाटते लिहायला, पण पटलं, आणि मी टेबल वाजवलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिसतंय! खिडकीतून स्टेशनच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसतोय. कंपनीच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची शेवटची ओळ मी आता दाराबाहेरून वाचीन. कपाळातली वीट गेली. पापण्या मिटत नाहीत, पण मिटायची गरजही वाटत नाही. ट्राम माझीच राहणार.

एकच आहे. तहान लागते आणि पाण्याने भागत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी अल्मुट खोलीत रडत होत्या. दार उघडं होतं. मी समजूत घालायला गेले, देवाशपथ त्याचसाठी. मिठी मारली. त्यांचा ओला गाल माझ्या ओठांना लागला आणि पुढे मी थांबले नाही.

आधी चाटलं. मग पुरेना म्हणून पापणी दातांत धरली. त्या किंचाळल्या. मी गुडघा त्यांच्या छातीवर ठेवला, टाके बोटांनी उसवले, कारण खालीही ओलं होतं. हे सगळं मी केलं. हाइड्रुन काल्मायरने, जिने अठ्ठावीस वर्षांत ट्रामखाली मांजरसुद्धा येऊ दिलं नाही.

बुसेबाई वर आल्या. त्यांनी बघितलं. मग दारावर टकटक करून म्हणाल्या की, अहो, एक ते तीन विश्रांतीची वेळ आहे, जरा हळू. आणि दार लोटून घेतलं.

अल्मुट माझ्या हातून सुटल्या, जिन्याकडे पळाल्या. एका डोळ्याने जिना कसा दिसणार. मान मोडल्याचा आवाज मी ऐकला.

१९ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरांनी ‘पडून मृत्यू’ असं लिहिलं. मी म्हटलं की मी मारलं. ते म्हणाले, तुमची उसळी उत्तम पार पडली. अल्मुटचं काय, विचारलं. त्यांचा उपचार अपुरा राहिला, म्हणाले.

नाश्त्याला सगळ्यांनी माझ्यासाठी टेबल वाजवलं. मी उठून बाहेर गेले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

विटकोपांना विचारलं की तुम्ही तीन आठवड्यांनी घरी का गेला नाहीत. म्हणाले, शेवटच्या रविवारी घरची माणसं न्यायला येतात, तशी बायको आली होती. फार हळवी हो ती, मला बरा बघून ढसाढसा रडली. मग आता त्या कुठे असतात, मी विचारलं.

ते ओठ चाटत भिंतीकडे बघत राहिले.

शेवटचा रविवार. वीबके.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पळून जायला निघाले. स्टेशनवर एक चिमुरडी पडली, गुडघा फुटला, भोकाड पसरलं तिने. मी तिच्यापासून चार पावलांवर होते. स्वतःच्या दंडात दात रोवले, मांसापर्यंत, आणि उलट पळाले.

मी गाडीत बसू शकत नाही. गाडीत माणसं असतात. इथेच राहायला हवं, इथे कुणी ओलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

वीबकेला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. मी एका बाईला मारलंय, तुलाही मारीन, येऊ नकोस.

ती म्हणाली, आई, डॉक्टरांनी मला आधीच सांगितलंय की तू असं काहीबाही बोलशील. उसळी आहे ती. तूच नाही का सांगायचीस, आधी बिघडणार, मग सुधारणार? थोडी कळ काढ, अर्ध्यात सोडू नकोस. आणि रडायला लागली.

फोनवरच. मी रिसीव्हर चाटला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

विटकोप म्हणाले, उद्या तुमच्या लेकीला स्टेशनवर घ्यायला मी जाईन. तुमच्यासाठी थोडं ठेवीन म्हणाले.

भिंतीच्या वर, पाणी सोडायच्या पन्हळीपाशी, मी त्यांना घेऊन गेले. ढकललं. कठड्याला लोंबकळले, तेव्हा बोटं टाचेने एकेक मोडली. करकर वाजली. खाली पडून फुटले — फुटलेच — पांढरा ढीग. माळ्याने झाडूने गोळा केला. मला नमस्कारही केला.

एक कमी झाला. आता मी राहिले.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

दाराला आतून कुलूप. किल्ली खिडकीतून टाकली, भिंतीखालच्या पाण्यात. डावा हात हीटरच्या नळीला बांधलाय, गाऊनच्या पट्ट्याने, सहा गाठी. तोंडावर उशीचा अभ्रा बांधला — श्वास नाकाने येतोय, स्वच्छ येतोय, काय उपयोग.

साडेदहाची गाडी.

अकरा

खाली तिचा आवाज. बुसेबाई कॉफी देतायत. डॉक्टर सांगतायत की आई जरा घाबरली आहे, तुम्ही फक्त आत जा आणि मिठी मारा.

जिना —

दारापाशी आली. ओरडून सांगितलं, अभ्र्यातून — परत जा, वीबके, मी तुझे डोळे — ती म्हणते, आई, बास आता, आज शेवटचा दिवस. रडतेय. दाराच्या फटीतून वास येतोय.

वही दाराखालून सरकवते. वाचेल. वीबके, हे वाच, अल्मुटचं वाच, पळ —

पोचत नाही. हात बांधलाय. वही पोचत नाही —

बुसेबाईंकडे दुसरी किल्ली. अर्थात. प्रत्येक खोलीची असते.

डोळे पूस. वीबके, आधी डोळे पूस, कोरडी होऊन ये, हसत ये, मग काही होणार नाही, मग मी —

गाठी बघितल्या. पाच. आत्ता सहा होत्या. चार. माझाच अंगठा — मी लिहितेय आणि तिकडे तो हात —

तीन

अभ्रा खाली पडलाय. कधी.

दार उघडलं. उभी आहे. केवढी रडलीय पोर. किती ओले, वीबके, किती ओले तुझे —