चार विसा आणि पाच चिंचोके

॥ श्री पांडुरंग ॥

निपाणी
बुधवार, ता. ११-४-७९

चिरंजीव भीमसेन भाऊजींस,

वहिनीचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तुमच्याकडेही सगळं ठीक असेल असं धरून चालते.

काल दुपारच्या बेळगाव गाडीनं तुमचं पुडकं पोचलं. आत मिळालं ते असं: नायलॉन दोरीची एक गुंडी, साडेचार रुपये. बारीक गळ एक डझन, एक रुपया वीस. यांचं नव्या सालाचं लायसन, फी पाच रुपये. मासे टिपायची कोरी वही, पंच्याहत्तर पैसे. कंडक्टरला चहाला पंचवीस पैसे दिले, तो नको नको म्हणाला पण खिशात घातले. सगळे मिळून अकरा रुपये सत्तर. तुमचे अकरा पंचेचाळीस कुणी तिकडे येणारं असलं की पाठवते. गुंडीचा कागद फाटला होता, दोरी शाबूत आहे.

मालूला सातवा लागला ना? तिला विहिरीचं पाणी शेंदू देऊ नका. पापड झालेत, निम्मे तुमचे बाजूला काढून ठेवलेत. उद्या हनुमान जयंती, सुंठवडा करायचा आहे. सकाळपासून तीनदा खलबत्ता पुढ्यात घेतला आणि तीनदा तसाच ठेवून उठले. हरिपाठ म्हणताना दोन अभंग गाळून पुढं गेले, शेवटाला आल्यावर ध्यानात आलं. असं माझं कधी होत नाही.

पुडक्यात तुमचं पत्र होतं त्याचं झालंय हे.

तुम्ही लिहिता की येत्या बुधवारी, अठरा तारखेला, गळ मंडळाच्या बैठकीला मासेमारी खात्याचे साहेब येणार आणि तलावावरच्या राखणदार मष्णूचा निकाल त्याच दिवशी लावणार. आण्णाच्या, म्हणजे यांच्या, नावाच्या डब्यात माशाला एक असे चिंचोके निघाले पंच्याऐंशी आणि वहीत मासे चोपन्नच. बाकी दहा जणांचे डबे आणि वह्या जुळल्या. तेव्हा मधले एकतीस मासे मष्णूनंच काढून वखारीतल्या अंबुबाईच्या हातून मोटार स्टँडजवळ विकले, आणि पाण्यातली तूट झाकायला तेवढे चिंचोके आण्णाच्या डब्यात टाकले. राखणदारच चोर निघाला म्हटल्यावर त्याला नुसतं काढून भागायचं नाही, फौजदाराकडे कागद जाणार. आणि खाली तुमचं वाक्य: "मी सगळ्यांना सांगितलं, वही वहिनीच्या अक्षरातली आहे. वहिनीचा आकडा चुकत नाही."

ते वाक्य वाचून आधी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. मग पत्र उपडं घालून ठेवलं.

सोमवारी मष्णू आलता. पाडव्यापासून त्याला तलावावर पाय ठेवू देत नाहीत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हे घरात काही बोलले नव्हते. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवरच बसला. हे परसात होते, ते बाहेर आलेच नाहीत.

म्हणाला, "वैनी, तुमी शिकलेल्या. मला इसाच्या फुडं येत न्हाय. इसाचा एक ढीग, आसं चार ढीग केलतो, वर पाच ऱ्हायलं. भीमसेनसायबानी डबा नेला. माझं बरोबर हाय का चूक, येवढं सांगा."

मी म्हटलं, "चार विसा आणि पाच म्हणजे पंच्याऐंशी."

"मग पंच्याऐंशी मासं आण्णा घिऊन गेल्यात. मी चोरलो असतो तर चिंचोका कशाला टाकलो असतो? गप ऱ्हायलो असतो की." मग जरा हसला. "आण्णा दर येळंला म्हनायचे, मष्णू, पयला देवाचा रं, त्येचा चिंचोका टाकू नगंस. मी म्हनायचो, देवाचा आसूं दे की आण्णा, पान्यातनं तर गेला."

मी चहा दिला. पिऊन बशी हौदावर धुतली, उपडी ठेवली आणि गेला. माझ्याकडं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

वहीची बेरीज मी कधी मारली नव्हती, तेव्हा मला तुमचा चोपन्न ठाऊक नव्हता. काल पत्र वाचलं आणि वजाबाकी कागदाशिवाय झाली.

तुम्हाला आपल्या घरची रीत आठवत असेल. पायलीनं धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात, मग दोन, तीन. ते लाभाचं माप घरात घेत नसत, दारातल्या मागत्याला जायचं. हे वखारीतनं घरी बसले आणि गळाचा नाद लागला, तेव्हा मी माळकरीण, माझ्या जिवाला लागायचं. मी यांना अट घातली. जीव मारताच आहात तर दर खेपेचा पहिला मासा देवाच्या नावानं गरिबाच्या मुखी लावा. उरलेले परसातल्या चुलीवर तुमचे तुम्ही करून खा. हे लगेच कबूल झाले.

तो पहिला मासा अंबुबाईला जातो. तलावाच्या वाटेवर तिचं खोपट आहे. वखारीत तंबाखू झोडपते, नवरा नाही, तीन लेकरं. कधी मोठा मासा असला तर त्याच संध्याकाळी स्टँडजवळ विकून ती ज्वारी घेते, हे मला माहीत आहे. तुमच्या मंडळातल्या कुणी तरी तिला तिथं गाठून विचारलं, मासा कुठला? ती म्हणाली, तलावाचा. कुणी दिला? तर गप बसली. तुम्ही लिहिता, त्या गप बसण्यातच सगळं आलं.

भाऊजी, तिला गप बसायला मी सांगितलंय. गुप्तदान आहे, आमचं नाव कुठं घेऊ नकोस, असं मीच तिला देवळाच्या पायरीवर बजावलं होतं. तिनं शब्द पाळला.

एवढं लिहून उठले होते. दिवा लावला, पुन्हा बसले. आतापर्यंत लिहिलं ते वाचलं तर भोळ्या बाईची चूक वाटेल. तसं वाटू द्यायचं असतं तर इथंच सही केली असती.

वहीच्या पहिल्या पानावर नियम छापलेत. कन्नडात आहेत, आणि कन्नड मला तुम्हीच शिकवलंत, मी तुम्हाला बेरीज शिकवली त्याच्या बदल्यात. चौथा नियम: पाण्याबाहेर नेलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी लिहावा, मग तो खाल्लेला असो, विकलेला असो की कुणाला दिलेला. एकही मिळाला नाही तर शून्य लिहावं. पाचवा: एका दिवसात तीनच. खोटी नोंद केली तर दोन वर्षं लायसन बंद. मी हे पहिल्याच वर्षी वाचलं. यांना विचारलंही, देवाचा मासा लिहायचा ना?

हे म्हणाले, "देवाला दिलेलं कोन मोजतंय व्हय? दान लिवून ठेवलं की दान ऱ्हातंय काय?"

मला ते फार आवडलं. आपला माणूस असं बोलला म्हणून दोन दिवस मी हवेत होते. मग एका रविवारी यांनी तीन मासे घरी आणले आणि अंबुबाईची पोरगी ताकाला आली ती म्हणाली, आज आमाला पन आलाय. तीन आणि एक चार. मी तिला ताक दिलं. वहीत तीन लिहिले. तेव्हा मला कळलं होतं की यांचा देव कुठल्या कामाला येतोय. कळलं आणि मी पुढच्या रविवारीही तीन लिहिले. चार लिहिले असते तर लायसन गेलं असतं, आणि देवाचा म्हणून एक सोडला तर माझं व्रतही राहत होतं. दोघांचं भागत होतं. असं दोन वर्षं. गेल्या एप्रिलपासून तलावाच्या फाटकावर डबे लागले. मष्णूला लिहिता येत नाही म्हणून दर माशाला एक चिंचोका, ही युक्ती तुमचीच. मला वाटलं, ते डबे कोण मोजायला बसतंय.

आता पुढचं. माझी एक दानाची वही आहे, देवघरात असते. एकादशीला कुणाला शिधा दिला, कुणाला जुनं लुगडं दिलं, तारखेनिशी लिहिते. काल ती काढली. गेल्या वर्षी हे अडतीस रविवार तलावावर गेले, सात वेळा रिकाम्या हातानं आले. राहिले एकतीस. माझ्या दानाच्या वहीत 'अंबुबाईस मासा एक' असं किती वेळा आहे? एकतीस वेळा. एकही चुकला नाही.

मासा एकच. पुण्य लिहायचं तिथं मी त्याला लिहिलं आणि जिथं जबाब द्यायचा तिथून गाळलं. तुम्ही बैठकीत सांगितलंत ते खरं निघालं भाऊजी, माझा आकडा चुकलेला नाही.

काल संध्याकाळी यांना ताटावर सांगितलं की मी तुम्हाला लिहिणार.

"तुला कोन विचारलंय?" म्हणाले.

मी म्हटलं, "मष्णूनं विचारलंय."

"रोजंदारीचा गडी त्यो. हितं न्हाय तर दुसरीकडं लागंल. कुठं बी राखण करंल."

"चोर म्हणून काढलेल्याला राखणीला कोण ठेवतं?"

त्यावर भाकरी मोडत बसले, तोंडात काही गेलं नाही. म्हणाले, "धा-वीस येळा न्हवता चौथा. नऊच येळा. मी मोजलोय." म्हणजे त्यांच्या मनातही एक वही होतीच. मग म्हणाले, "लायसन जाईल."

"जाऊ दे."

"मग रव्वारी मी काय करू?"

मी त्यांचं ताट उचललं. वखार सुटल्यापासून शनिवारी संध्याकाळी गळ पुसताना हा माणूस जरा गुणगुणतो, तेवढंच. तुमचे भाऊ आहेत, तुम्हाला मी काय सांगावं.

गुरुवार, ता. १२

काल पत्र पुरं केलं नाही. सुंठवडा झाला. मारुतीला जाऊन आले.

जाताना हे पत्र आणि दानाच्या वहीतली अंबुबाईची पानं टेबलावर उघडी ठेवून गेले होते. आल्यावर बघते तर पानांच्या मागल्या कोऱ्या बाजूला यांच्या हातच्या नऊ तारखा आहेत. वरून खाली, नीट. चौथा मासा आणला ते नऊ रविवार. सही केलेली नाही. मीही मागितली नाही. गळ खुंटीवरून काढून माळ्यावर टाकलाय, तोही त्यांनीच.

ती पानं फाडून यासोबत पाठवतेय. वहीचं पान मी जन्मात फाडलं नव्हतं. हे पाकीट रजिस्टर करणार आहे. महाग पडतं पण हे हरवून चालायचं नाही. नवं लायसन आणि कोरी वही यातच परत घालते. दोरी आणि गळ राहू देत, पुढं मागं लागतील.

तुम्ही मंडळाचे सेक्रेटरी. भाऊ खोटा, वहिनी खोटी, आणि तुम्ही त्यांच्या भरवशावर एका गरिबाचं नाव फौजदारापर्यंत नेलंत, असं चार माणसांत निघेल. तुम्हाला खाली बघावं लागेल. त्याचं मला यांच्या रविवारापेक्षा जास्त लागतंय. पण तुम्ही ही पानं साहेबांपुढं ठेवावीत. मष्णूला त्याच बैठकीत, सगळ्यांच्या देखत, बोलावून सांगावं की त्याचा हिशेब बरोबर होता. मागनं, फाटकावर, हळूच सांगू नका. सोमवारपर्यंत तुमचं पत्र आलं नाही तर मंगळवारच्या पहिल्या गाडीनं मी आणि अंबुबाई बेळगावला येतो. तिला मी नाव घ्यायला मोकळी केली आहे. दोघींचं तिकीट मी काढीन.

आणि एक माझ्यासाठी करा. तो डबा तुमच्याजवळ आहे. तुम्ही सहा वर्षांचे होता, आई नव्हती, मी नवी सून. तेव्हा मी तुम्हाला अरे-तुरे करायची आणि चिंचोक्यांवरच आकडे शिकवायची. तसे ते चिंचोके जमिनीवर ओता आणि आपल्या हातानं एकदा मोजा. मोजताना पहिल्याला लाभ म्हणू नका. एक म्हणा.

किती भरले, आणि मष्णूला कधी बोलावलंत, एवढं दोन ओळीत उलट टपाली कळवा.

तुमची, चुकलेली पण आकडा न चुकलेली,
जयावहिनी